स्वर्ग हा मुक्काम की थांबा?

लेखमाला : मरणापलीकडे – लेखांक सहावा

१ नोव्हेंबर १३३१. स्थळ दक्षिण फ्रान्समधले आविन्यों. पोपांची गादी तेव्हा रोममध्ये नव्हती, ऱ्होन नदीच्या काठच्या या गावात होती. सर्व संतांचा सण होता आणि पोप जॉन बाविसावे प्रवचनाला उभे राहिले. वय ऐंशीच्या पुढे. मूळचे कायदेपंडित, हिशेबाला चोख, चर्चची तिजोरी भरण्यात वाकबगार. असा व्यवहारी माणूस त्या दिवशी जे बोलला, त्याने युरोपभरच्या धर्मपंडितांची झोप उडाली. पोपांचे म्हणणे असे होते की पुण्यवान माणसे, अगदी संतसुद्धा, मेल्याबरोबर देवाला समोरासमोर पाहत नाहीत. तोवर त्यांचे आत्मे ख्रिस्ताच्या आसऱ्याला विसावलेले असतात. खरे दर्शन घडायचे ते शेवटच्या न्यायाच्या दिवशी, देह परत मिळाल्यावर.

आजच्या कुणाही भाविकाला हे ऐकून धक्काच बसेल. तेव्हाच्यांनाही बसला. संत अजून देवासमोर पोहोचलेच नसतील तर त्यांच्याकडे मध्यस्थीसाठी हात कशाला जोडायचे? आणि आपली आई, आपला बाप, ज्यांच्यासाठी मिस्सा सांगितल्या, ते नेमके आहेत तरी कुठे?

या भांडणाकडे परत येऊच. पण ते मुळात का उद्भवले हे कळायला बाराशे-तेराशे वर्षे मागे जावे लागते. गेल्या आठवड्यात आपण प्राचीन यहुद्यांच्या अधोलोकापाशी थांबलो होतो. तिथे मेलेले सगळेच, बरे आणि वाईट, सावल्यांसारखे पडून असतात. पुढे दानीएलच्या पुस्तकात मेलेले मातीतून उठतील ही कल्पना स्पष्ट शब्दांत येते. येशूच्या काळापर्यंत यहुद्यांत त्यावरून सरळ दोन तट पडले होते. परूशी पुनरुत्थान मानत, सदूकी मानत नसत. सात भावांशी एकामागून एक लग्न झालेली बाई पुनरुत्थानानंतर कुणाची बायको, हा खवचट प्रश्न सदूक्यांनीच येशूला टाकला होता. येशू या वादात परूश्यांच्या बाजूचा. म्हणजे ख्रिस्ती आशेचे मूळ शोधायचे तर ते आत्म्याच्या अमरत्वात सापडत नाही; मातीला मिळालेला देह देव पुन्हा उठवील, या यहुदी विश्वासात सापडते. ख्रिस्ती लोकांनी त्यात एकच भर घातली, पण ती मोठी होती. हे उठणे एका माणसाच्या बाबतीत घडून चुकले आहे, असे ते सांगू लागले.

आपल्याकडे हे नेमके उलटे ऐकू येते. देह हे जुने वस्त्र आणि आत्मा ते बदलणारा, हे आपल्या कानांवर लहानपणापासून पडलेले असते. ग्रीकांचेही साधारण तसेच होते. शिकलेल्या ग्रीकाला देह म्हणजे आत्म्याचा तुरुंग वाटे; सुटका झालेला कैदी पुन्हा तुरुंगात कशाला जाईल? प्रेषित पौलाने अथेन्समध्ये पुनरुत्थानाचा विषय काढला तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी काहींनी त्याची सरळ टिंगल केली, असे प्रेषितांच्या कृत्यांत नोंदलेले आहे. मला त्या अथेन्सकरांचा राग येत नाही. त्यांच्या चौकटीत ती कल्पना खरोखरच विचित्र होती.

पौलाच्याच पत्रांत या आशेचे सगळ्यात जुने रूप दिसते. इसवी सन ५० च्या सुमाराला त्याने थेस्सलनीका इथल्या लहानशा मंडळीला पत्र लिहिले. नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लिखाणांत ते मोडते. तिथल्या लोकांची चिंता अगदी घरगुती होती. ख्रिस्त लवकरच परत येणार असे त्यांना सांगितले होते. ते वाट पाहत राहिले आणि दरम्यान त्यांच्यातली काही माणसे वारली. आता त्यांचे काय? ती मागेच राहिली का? आज एखादा पाळक मयताच्या घरी गेला तर म्हणेल, ‘रडू नका, ते स्वर्गात सुखात आहेत.’ पौल असे म्हणत नाही. तो सांगतो की ख्रिस्त येईल तेव्हा मेलेले आधी उठतील आणि मग जिवंत असलेले त्यांच्याबरोबर जातील. म्हणजे उशीर झालाच तर जिवंतांना होईल, मेलेल्यांना नाही. सांत्वनाचा सगळा भार पुढच्या एका दिवसावर आहे. मधल्या काळाबद्दल तो फक्त ‘झोपले’ एवढेच बोलतो.

काही वर्षांनी करिंथकरांना लिहिताना त्याला वेगळाच पेच आला. तिथे काही जण पुनरुत्थानच नाकारत होते. पौलाने त्यांना पेरलेल्या दाण्याचे उदाहरण दिले. जमिनीत जाते ते बी आणि वर येते ते रोप. दोन्ही एकच, तरी रूप निराळे. प्रेत उठून जसेच्या तसे चालू लागेल असे त्याला म्हणायचे नव्हते, पण आत्मा एकटाच उडून जाईल असेही नव्हते.

मधल्या काळाचे काहीच संकेत नव्या करारात नाहीत असे मात्र नाही. क्रुसावरच्या पश्चात्तापी चोराला येशू त्याच दिवशी आपल्याबरोबर सुखलोकात असण्याचे वचन देतो. खुद्द पौलही फिलिप्पैकरांच्या पत्रात देह सोडून ख्रिस्ताजवळ जाण्याची ओढ बोलून दाखवतो. दोन्ही धागे पहिल्यापासून होते. फक्त कुठला ठळक आणि कुठला बारीक, याबद्दल सुरुवातीच्या मंडळीला संभ्रम नव्हता.

त्यांच्या शत्रूंनाही नव्हता. इसवी सन १७७ मध्ये गॉलमधल्या ल्यों शहरात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. वाचलेल्यांनी त्याची हकीगत एका पत्रात लिहून ठेवली आणि इतिहासकार युसेबियसमुळे ती आपल्यापर्यंत आली. हुतात्म्यांची प्रेते सहा दिवस उघड्यावर टाकली होती. दफनासाठी कुणी ती मागायला गेले तर देत नव्हते. मग ती जाळली आणि राख झाडून ऱ्होन नदीत लोटली, म्हणजे यांना पुन्हा उठायला काही उरायलाच नको! मारणाऱ्यांनी या धर्माचे मर्म बरोबर ओळखले होते. स्वर्ग नाकारायचा तर राख नदीत सोडायची गरज नव्हती.

देह उठणार म्हटल्यावर शंका आल्याच. समुद्रात बुडून माशांनी खाल्लेल्याचे काय? दुष्काळात माणसाने माणूस खाल्ला, तर ते मांस उठताना कुणाचे? संत ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या प्रचंड ग्रंथाच्या शेवटच्या, बाविसाव्या भागात असल्या प्रश्नांना पानेच्या पाने दिली आहेत. आज कुणी हे विचारले तर आपण हसून सोडून देऊ. तो सोडत नाही. खाल्लेले मांस मूळ मालकाला परत, असा त्याचा निवाडा. तान्ही मुले पूर्ण वाढलेल्या देहाने उठतील. कापलेल्या केसानखांचे द्रव्य वाया जाणार नाही, पण ते जसेच्या तसे चिकटून माणूस विद्रूपही होणार नाही. मला सर्वांत आवडते ते हुतात्म्यांच्या जखमांबद्दलचे. तुटलेला अवयव परत मिळेल, पण घावाची खूण कदाचित राहील आणि ती शोभून दिसेल, असे त्याला वाटते.

मग लोक रोज मरत असताना न्यायाचा दिवस मात्र येईना. पहिल्या पिढीला काही वर्षांचे वाटलेले अंतर शतकांचे झाले. मधल्या काळात मेलेले काय करतात, हा कोपऱ्यातला प्रश्न हळूहळू घराच्या मध्यभागी आला. संतांच्या अस्थींपुढे नवस, मृतांसाठी मिस्सा, स्वर्गाआधी आत्मे जिथे शुद्ध होतात त्या शुद्धिस्थानाची शिकवण हे सगळे त्या मधल्या काळातच वाढले. आणि इथे आपण आविन्योंला परत येतो.

जॉन बाविसावे काही नवे काढत नव्हते. वेदीखाली विसावलेल्या आत्म्यांची कल्पना प्रकटीकरणाच्या पुस्तकात आहे, बाराव्या शतकातल्या संत बर्नार्डने ती प्रवचनांत वापरली होती आणि पोपांनी त्याचाच आधार घेतला. पण आता काळ बदलला होता. थॉमस वेलीस या इंग्रज डोमिनिकन साधूने आविन्योंतच उलट प्रवचन केले आणि तो तुरुंगात गेला. फ्रान्सचा राजा सहावा फिलिप याने १३३३ च्या डिसेंबरात पॅरिसच्या धर्मपंडितांना व्हँसेन इथे बोलावले. त्यांनी पोपांच्या विरोधात कौल दिला. पोपांशी आधीपासूनच वैर असलेला तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ओकॅम म्युनिकमध्ये बसून त्यांना पाखंडी म्हणत होता. यात राजकारण किती आणि धर्म किती हे वेगळे काढता येत नाही. जॉन म्हणत राहिले की मी पोप म्हणून आज्ञा काढलेली नाही, माझे मत मांडले आहे. ३ डिसेंबर १३३४ ला, अंथरुणाला खिळलेले असताना, त्यांनी जवळ जमलेल्या कार्डिनलांसमोर ते मत मागे घेतले. दुसऱ्या दिवशी ते वारले.

त्यांच्यामागून आलेले बेनेडिक्ट बारावे यांनी २९ जानेवारी १३३६ ला फर्मान काढून हा वाद मिटवला. ज्यांना शुद्धीची गरज उरलेली नाही असे आत्मे मरणानंतर लगेच, देह परत मिळण्याआधीच, देवाला समोरासमोर पाहतात आणि खऱ्या अर्थाने सुखी असतात. बाकीच्यांना आधी शुद्धी. घोर पापात मेलेले तत्काळ नरकात. तरीही न्यायाच्या दिवशी सगळे आपापल्या देहासह ख्रिस्तासमोर उभे राहतील, असेही त्यात आहे.

शेवटचे ‘तरीही’ नीट पाहा. आत्म्याला देव दिसला, सुख पूर्ण झाले. मग देहाची गरज कशासाठी? धर्मपंडितांनी उत्तरे दिली. सुख वाढत नाही, पण ते देहापर्यंत पसरते, वगैरे. ती चुकीची आहेत असे मी म्हणणार नाही. पण माझे मत असे की १३३६ च्या उत्तराने दुःखितांना धीर दिला आणि मूळ आशेचा कणा मात्र वाकवला. थांबा होता तो मुक्काम झाला. पुनरुत्थान श्रद्धासूत्रात राहिले, रविवारी म्हटले जात राहिले, पण मयताच्या घरी कुणाच्या ओठावर येईनासे झाले. म्हाताऱ्या जॉनचे उत्तर मागे पडले, तरी त्यांच्या प्रश्नात दम होता. दांतेला ही अडचण त्याआधीच दिसली होती. त्याच्या स्वर्गकाव्याच्या चौदाव्या सर्गात शलमोन पुनरुत्थित देहाबद्दल बोलतो, तेव्हा प्रकाशात न्हालेले आत्मेसुद्धा आपल्या देहांसाठी उत्सुक होतात.

प्रॉटेस्टंट सुधारकांनी शुद्धिस्थान उडवून लावले, पण मधल्या काळाचे चित्र बहुतेकांनी जवळपास तेच ठेवले. आत्मा मरणानंतर झोपतो असे म्हणणाऱ्यांवर कॅल्विनने तरुणपणीच पुस्तक लिहिले. झोपेची बाजू आज ठामपणे मांडतात ते सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट. पुण्यात औंधजवळ ज्यांचे स्पायसर विद्यापीठ आहे, तेच. त्यांच्या मते मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत काहीच जाणत नाही. अलीकडे अँग्लिकन बिशप एन. टी. राइट यांनी मूळ क्रम पुन्हा उजेडात आणण्यासाठी बरीच लेखणी झिजवली. मरणानंतरचे जीवन ही पहिली पायरी आणि त्याच्याही नंतरचे, नव्या सृष्टीतले सदेह जीवन ही खरी आशा, असा त्यांचा सूर आहे.

ग्रंथांत काहीही होवो, प्रेताशी वागताना मात्र ख्रिस्ती माणूस देहाला विसरलेला नाही. वसईच्या दफनभूमीत पेटी खाली उतरली की घरचे, शेजारचे, एकेक जण मूठभर माती टाकतो. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवरचे गवत काढले जाते, झेंडूची फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लावतात आणि फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरतात.

म्हणूनच दहनाचा प्रश्न इतका नाजूक झाला. युरोपात एकोणिसाव्या शतकात दहनाचा पुरस्कार करणाऱ्यांत पुनरुत्थानाला खिजवू पाहणारे नास्तिकही होते, आणि १८८६ मध्ये रोमने कॅथलिकांना दहनाची मनाई केली. ती मनाई कायम असताना, १९१९ मध्ये, मुंबईत कवी नारायण वामन टिळक वारले. ते प्रॉटेस्टंट, रोमचा नियम त्यांना लागू नव्हता. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले आणि अस्थी अहमदनगरला नेल्या. पुनरुत्थानावर टिळकांचा विश्वास नव्हता असे कोण म्हणेल? ज्याने मातीतून माणूस घडवला त्याला राखेतून घडवणे जड नाही, हे ल्योंच्या हुतात्म्यांच्या वेळीच ख्रिस्ती लोकांना उमगले होते. रोमने मनाई उठवली ती १९६३ मध्ये.

मुंबईत तर जागेच्या टंचाईनेच दहनाचा प्रश्न पुढे आणला आहे. कबर तिथे अनेकांना कायमची मिळत नाही. काही काळाने ती उघडून अस्थी भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात आणि तीच जागा दुसऱ्याला देतात. राखेबाबत रोमने २०१६ मध्ये स्पष्ट नियम दिले. ती वाऱ्यावर वा पाण्यात सोडायची नाही, नातेवाइकांत वाटून घ्यायची नाही, घरी ठेवायची नाही. पवित्र जागीच ठेवायची. डिसेंबर २०२३ मध्ये त्यात थोडी सूट आली. मृताच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या ठिकाणी राखेचा लहानसा अंश ठेवायला परवानगी देता येईल, अशी ती सूट आहे. नदीत सोडायची परवानगी मात्र अजूनही नाही.

(पुढील लेखांकात : कबरीतला मधला काळ इस्लाम कसा पाहतो – बरझख)