रश्श्यातलं पाणी

भाचा शिकायला म्युनिकला गेला आणि पहिल्याच महिन्यात त्याचा फोन आला. "मावशी, अर्धा तास होऊन गेला, बटाटा शिजतच नाहीये." मी विचारलं, "चिंच कधी घातलीस?" तर म्हणाला, "पाण्याबरोबरच." सामान बरोबर होतं, प्रमाण बरोबर होतं, क्रम तेवढा चुकला होता. त्याला फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं ते इथे सलग लिहिते आहे. वांगं-बटाट्याचा रस्सा एकदा समजून केला, की फ्लॉवरचा किंवा मटारचा रस्सा वेगळा शिकावा लागत नाही.

चौघांना पुरेल असा रस्सा करायचा तर पाव किलो कोवळी वांगी, दोन मध्यम बटाटे, एक मोठा कांदा, चार-पाच लसूण पाकळ्या, पाव वाटी दाण्याचं कूट, सुपारीएवढी चिंच आणि तेवढाच गूळ घ्या. तेल चार टेबलचमचे. मोहरी, जिरं, हिंग, हळद, तिखट, मीठ, कढीपत्ता आणि दोन लहान चमचे गोडा मसाला. चिंच आधीच कोमट पाण्यात भिजत घाला.

वांगं चिरलं की काही मिनिटांत काळवंडतं, कारण कापलेल्या पेशींतला रस हवेला लागतो. म्हणून फोडी मिठाच्या पाण्यात टाकायच्या. त्या तरंगतात, कारण वांग्याच्या गरात हवा भरलेली असते. वरून एक ताटली दाबून ठेवली की सगळ्या बुडून राहतात. ही हवा लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे. बटाट्याच्या फोडी मात्र वांग्याच्या फोडींपेक्षा लहान करा, त्याला शिजायला जास्त वेळ लागतो.

आता फोडणी. तेल तापल्यावर आधी मोहरी, कारण तिलाच सगळ्यांत जास्त उष्णता लागते. दाण्याच्या आतल्या ओलाव्याची वाफ होते, साल फुटतं आणि मोहरी तडतडते. ती तडतडली नाही तर तेल अजून तापलेलं नाही; अशा वेळी पुढचं काही घालू नका, थांबा. तडतड ओसरली की जिरं, कढीपत्ता, मग हिंग. कच्च्या हिंगाचा वास उग्र असतो, पण गरम तेलात तो काही क्षणांत बदलतो आणि कांदा-लसणाच्या जवळ जातो. हळद शेवटी, आणि तिच्या पाठोपाठ लगेच कांदा-लसूण, कारण हळद जळायला वेळ लागत नाही. हळदीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात जवळजवळ उतरत नाही. तिखटाच्या लाल रंगाचंही तसंच. म्हणून रंग हवा असेल तर दोन्ही तेलातच पडायला हवीत. नंतर रश्श्यात वरून तिखट ढवळलं तर जीभ भाजते, पण तवंग काही चढत नाही.

माझ्या मते चव खरी ठरते ती कांद्याशी, आणि घाईही इथेच होते. कांद्यात 85 टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते आत आहे तोवर कांद्याचं तापमान 100 अंशांच्या फारसं वर जात नाही, म्हणजे तो तेलात असला तरी उकडतच असतो. तांबूस रंग आणि खमंगपणा यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. त्यामुळे पहिली काही मिनिटं कांदा नुसता मऊ होतो, काही घडतच नाहीये असं वाटतं, आणि मग पाणी सरलं की दोन मिनिटांत रंग पालटतो. कानाने ऐका: ओला चुरचुराट हळूहळू कोरडा होत जातो. चिमूटभर मीठ आधी घातलं तर पाणी लवकर सुटतं आणि कांदा लवकर मऊ होतो. मोठ्या आचेवर कडा करपतात आणि मध्य कच्चा राहतो, म्हणून आच मध्यमच. सात-आठ मिनिटं लागतात, ती द्या.

आच मंद करून तिखट आणि गोडा मसाला घाला, दोन चमचे पाणी शिंपडा म्हणजे मसाला जळणार नाही, आणि परता. पाणी उडून गेलं की कडेने तेल दिसू लागतं. "तेल सुटेपर्यंत परता" म्हणतात ते हेच. तेल आधीही तिथेच होतं, पाण्यात मिसळून दडलेलं.

आता बटाटा घाला. मीठ घालून चार मिनिटं झाकून ठेवा, मग निथळलेली वांगी घाला. इथे ती हवा आड येते: वांगं स्पंजासारखं सगळं तेल पिऊन टाकतं आणि कढई कोरडी दिसते. आणखी तेल घालू नका. झाकण ठेवा. वाफेने गर मऊ पडून खचला की आतली हवा निघून जाते आणि प्यायलेल्या तेलातलं बरंचसं वांगं परत देतं.

झाकण म्हणून आमच्याकडे खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओततात. खालून उठलेली वाफ ताटाच्या गार तळाला लागते, तिचे थेंब होऊन भाजीवर पडतात आणि फोडी खाली लागत नाहीत. तोवर ताटातलं पाणी तापतं. तेच पाणी रश्श्याला घालायचं. गार पाणी ओतलं तर उकळी बसते आणि शिजणं मध्येच थांबतं. साधारण दोन वाट्या पाणी पुरतं. मी या रश्श्याला कुकर लावत नाही, वांग्याचा लगदा होतो.

भाच्याची चूक होती ती यापुढच्या पायरीवर. भाजीच्या पेशी पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाने एकमेकींना धरून असतात. उकळत्या पाण्यात ते विरघळत जातं, म्हणून बटाटा मऊ पडतो. आंबट पाण्यात हे विरघळणं फार मंदावतं आणि फोड कितीही उकळली तरी दाताखाली टणक लागते. तेव्हा सुरी बटाट्यात सहज शिरली, की मगच चिंचेचा कोळ घाला, आणि त्याच्याबरोबर गूळ. टोमॅटो वापरणार असाल तर त्यालाही हाच नियम, आणि मग चिंच नको.

दाण्याचं कूट सर्वांत शेवटी. ते रस्सा दाट करतं पण तळाला चटकन लागतं, म्हणून घातल्यावर ढवळत पाच मिनिटं मंद उकळी पुरे. तेवढ्यात दाण्याचं तेलही वर येऊन तवंगात मिसळतं. गॅस बंद करा, कोथिंबीर घाला आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा. गरमागरम रश्श्यात फोड आणि रस दोन वेगळे लागतात. थोडं थांबलं की मीठ-आंबट फोडीच्या आत पोचतं.

बटाट्याच्या स्टार्चमुळे आणि कुटामुळे रस्सा गार होताना घट्ट होतो, तेव्हा उतरवताना हवा त्यापेक्षा किंचित पातळच ठेवा. उरलेला रात्री फ्रीजमध्ये ठेवून सकाळी गरम करताना अर्धी वाटी उकळतं पाणी घाला, आणि मीठ मात्र चाखून बघितल्याशिवाय वाढवू नका.