तणमोरांची गणना आणि ‘पडीक’ जमिनीचा हिशेब

ऑगस्टमधील सकाळ. राजस्थानच्या अजमेर जिल्ह्यातील शोकलिया परिसरात, मुगाच्या एका शेताच्या बांधावर आम्ही चौघे दुर्बिणी घेऊन बसलो होतो. गणना करणाऱ्या पथकासोबत मी केवळ नोंदी घेण्यासाठी गेलो होतो. पाऊण तास काहीच घडले नाही. मग समोरच्या गवतातून एक काळा पक्षी पंख फडफडवत माणसाच्या उंचीएवढा सरळ वर उडाला, क्षणभर दिसला आणि पुन्हा गवतात बुडाला. पथकप्रमुखांनी घड्याळ पाहून वेळ सांगितली. मी लिहिले : नर, एक.

हा तणमोर. राजस्थान आणि मध्य प्रदेशात त्याला खरमोर म्हणतात. माळढोकाच्या कुळातील हा सर्वांत लहान पक्षी फक्त भारतीय उपखंडात आढळतो आणि पावसाळ्यात वीण करतो. मादीला आकर्षित करण्यासाठी नर दिवसातून शेकडो उड्या मारतो. म्हणून तो मोजता येतो. मातकट रंगाची मादी मात्र गवतात अंड्यांवर दबून बसते आणि सहसा दिसत नाही. त्यामुळे गणनेत दिसतात ते नर. प्रत्येक नरामागे एक मादी असेल असे गृहीत धरून एकूण संख्येचा अंदाज बांधला जातो. वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या आकड्यामागे हे गृहीतक असते, याची आठवण धोरणकर्त्यांनी ठेवायला हवी.

उपलब्ध आकडे पाहा. १९८२ मध्ये अंदाज होता ४,३७४ पक्ष्यांचा. १९८९ मध्ये तो १,६७२ वर घसरला, १९९४ मध्ये २,२०६ झाला आणि १९९९ मध्ये ३,५३० वर पोहोचला. या चढउतारांचे एक कारण पाऊस आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात गुजरात आणि राजस्थानात ओळीने दुष्काळ पडले, गवत वाढले नाही आणि वीणही बसली नाही. पाऊस परतला तसे पक्षीही परतले. पण २०१७ च्या देशव्यापी पाहणीत हा अंदाज ७०० च्याही खाली आला. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत आज हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात आहे.

ही घसरण केवळ पावसावर ढकलता येणार नाही. पूर्वी दुष्काळानंतर पक्ष्यांना परतण्यासाठी माळ शिल्लक होते. आता त्यांतील बरेचसे नांगराखाली, वृक्षलागवडीखाली किंवा प्रकल्पांखाली गेले आहेत. सरकारी नकाशांत गवताळ आणि झुडपी प्रदेशाचा मोठा हिस्सा ‘पडीक जमीन’ म्हणून नोंदला जातो. एकदा पडीक ठरलेली जमीन कोणत्याही कामाला देणे सोपे असते. तिच्यावर झाडे लावली, तर त्याला पर्यावरणरक्षण असेही म्हणता येते. एका खात्याने पक्षी मोजायचे आणि दुसऱ्याने त्यांचे घर रिकामे समजायचे, असा हा कारभार आहे.

संरक्षणाचे जुने प्रयोगही तपासले पाहिजेत. सलीम अली यांच्या सूचनेवरून १९८३ मध्ये मध्य प्रदेशात सैलाना आणि सरदारपूर ही अभयारण्ये स्थापन झाली. सरदारपूरचे क्षेत्र सुमारे ३४८ चौरस किलोमीटर. त्यात १४ गावे आणि शेतकऱ्यांच्या खासगी जमिनी आल्या. खरेदी-विक्रीचे व्यवहार अडले आणि गावकऱ्यांच्या लेखी हा पक्षी अडचणीचे कारण बनला. याउलट, शेतात पक्षी दिसल्याची खबर देणाऱ्या आणि घरटे राखणाऱ्या शेतकऱ्याला रोख बक्षीस देण्याची योजना त्याच राज्यात पुढे आली. रक्कम लहान असली, तरी तिची दिशा योग्य होती. सौराष्ट्रातील राखीव ‘विडी’ही तेच शिकवतात : पावसाळा सरल्यावरच गवत कापायचे, ही जुनी वहिवाट माणसाच्या गुरांना आणि तणमोराच्या पिलांना सारखीच उपयोगी पडते. आपल्याकडे अकोला-वाशिम भागात काही फासेपारधी वस्त्यांनी सामूहिकपणे माळ राखले आहेत आणि त्या भागात तणमोराच्या विणीची नोंद झाली आहे.

पावसाळ्यानंतर हे पक्षी पांगतात. उपग्रहाद्वारे माग काढलेले काही पक्षी दख्खनच्या पठारापर्यंत आले आहेत. म्हणजेच कोणत्याही एका राज्याला हा पक्षी एकट्याने वाचवता येणार नाही. म्हणून तीन गोष्टी आवश्यक वाटतात. पहिली, विणीच्या सर्व राज्यांत एकाच काळात, एकाच पद्धतीने आणि ठरावीक वर्षांनी गणना व्हावी; आकड्यासोबत त्याची किमान आणि कमाल मर्यादा व त्या वर्षीचे पाऊसमानही प्रसिद्ध व्हावे. दुसरी, ‘पडीक’ हा शिक्का पुसून गवताळ प्रदेशाची महसुली दप्तरात स्वतंत्र नोंद व्हावी. तिसरी, पीक उशिरा काढणाऱ्या किंवा गवत राखणाऱ्या शेतकऱ्याला बक्षिसाऐवजी नियमित मोबदला मिळावा.

त्या सकाळी शेताचा मालक आमच्यासाठी चहा घेऊन आला होता. शोकलियातील बहुतेक तणमोर अशाच खासगी शेतांत आणि चराऊ रानांत राहतात. माझ्या वहीत डोकावून त्याने विचारले, “साहेब, तुम्ही मोजून जाता. पुढच्या वर्षी मी ही जमीन विकली, तर मोजायला कुठे याल?” पथकातील कोणाकडेच उत्तर नव्हते. दुपारपर्यंत आमच्या नोंदीत आणखी दोन नर आले. त्याच्या प्रश्नासाठी मात्र त्या तक्त्यात रकाना नव्हता. पुढील गणनेचा आराखडा आखणाऱ्यांनी तो आधी आखावा.