कर्णबधिरांस आगीची वर्दी

रात्रीं घरास आग लागली तर धुराच्या वासानें आपणांस जाग येईल, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाहीं. अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठांत झालेल्या व २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगांत, अगदीं गाढ निद्रेंत असलेल्या माणसांस उग्र वासानेंहि जाग आली नाहीं, असें आढळून आलें. शिवाय धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा वायु माणसाची शुद्ध हरपवितो. रात्रींचा खरा पहारेकरी म्हणजे कान. आणि आगीची वर्दी देणारीं बहुतेक यंत्रें कानासाठींच घडविलेलीं असतात. हा पहारेकरी ज्यांच्यापाशीं नाहीं, त्यांनीं काय करावें?

प्रश्न थोड्यांचा नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत श्रवणदोष असलेल्यांची संख्या भारतांत ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. ‘वयोमानानें जरा कमी ऐकूं येतें’, एवढेंच म्हणणारे आजीआजोबा तर घरोघरीं आहेत. दिवसा ते श्रवणयंत्र लावतात, पण निजतांना तें काढून ठेवतात. मुलें परगांवीं किंवा परदेशीं, आणि वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडांत दोघेंच वृद्ध, अशीं कुटुंबें आतां विरळा नाहींत. आंतून कडी लावलेल्या अशा बिऱ्हाडांत जिन्यांतील घंटा किंवा शेजाऱ्यानें दारावर मारलेली थाप कोणाच्या कानीं पडणार?

नेहमींच्या धूरसूचक यंत्राचा आवाज सुमारें ३१०० हर्ट्झ, म्हणजे फार उंच पट्टीचा असतो. आणि वार्धक्यांत प्रथम नाहींसे होतात ते हेच उंच स्वर. ऑस्ट्रेलियांत डोरोथी ब्रुक व इयान थॉमस या संशोधकांनीं २००७ सालीं कमी ऐकूं येणाऱ्या प्रौढांवर निद्रेचे प्रयोग केले. उंच पट्टीच्या आवाजानें निम्म्याहून थोडेच अधिक लोक जागे झाले. ५२० हर्ट्झच्या खालच्या पट्टींतील आवाजानें दहांपैकीं नऊ. आणि उशी वा गादीखालीं ठेवलेल्या थरथरणाऱ्या तबकडीनें दहांपैकीं आठ. लखलखणाऱ्या दिव्यानें मात्र चौघांत जेमतेम एकच जागा झाला. अमेरिकेंतील आगसूचक यंत्रांच्या राष्ट्रीय संहितेनें २०१० पासून अशा व्यक्तींच्या शयनगृहासाठीं ५२० हर्ट्झचा आवाज विहित केला.

यावरून निवड कशी करावी, तें उघड आहे. ज्यांस थोडें ऐकूं येतें, त्यांच्या खोलींत खालच्या पट्टीचें यंत्र बसवावें. ज्यांस मुळींच ऐकूं येत नाहीं, त्यांच्या गादीखालीं तबकडी हवीच. दिवा जागें असतांना उपयोगी. निजलेल्यानें केवळ त्याच्यावर विसंबूं नये.

हीं साधनें दोन प्रकारचीं मिळतात. एकांत छतावरील धूरसूचक यंत्र बिनतारी संदेशानें उशाजवळील यंत्रास वर्दी देतें व तबकडी थरथरूं लागते. दुसऱ्यांत उशाजवळील यंत्र घंटेचा आवाज ‘ऐकून’ तबकडी हलवितें. भिंतीस हात लावण्याची मुभा नसलेल्या भाड्याच्या घरांत हें दुसरें सोयीचें. पण खोलीचें दार लावलें असतां जिन्यांतील घंटा त्यास ऐकूं जाते कीं नाहीं, हें पाहून घ्यावें. आगींत वीज बहुधा जाते, म्हणून बॅटरीवर चालण्याची सोय दोहोंतहि असावी. स्वयंपाकघरांत धूरसूचक यंत्र लावल्यास फोडणीच्या धुरानें तें वारंवार वाजतें आणि कंटाळून कोणी तरी त्याची बॅटरी काढून टाकतें. तेथें उष्णतेनें जागें होणारें यंत्र बरें. २०२० पासून कांहीं मोबाइल फोनहि घंटेचा आवाज ओळखून थरथरतात. तथापि आणीबाणींत त्यांवर भिस्त ठेवूं नये, असें आयफोनचे उत्पादकच सांगतात.

महाराष्ट्रांत २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यान्वयें इमारतींतील यंत्रणा सुस्थितींत असल्याचें प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षांतून दोनदां, जानेवारींत व जुलैंत, द्यावें लागतें. त्या तपासणीच्या वेळीं सोसायटीच्या चिटणीसांस सांगून आपल्या शयनगृहांतूनहि घंटेची परीक्षा करवून घ्यावी. कोणत्या बिऱ्हाडांत ऐकूं न येणारें माणूस राहतें, हें रखवालदारास व शेजाऱ्यांस ठाऊक असावें. एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे असावी. आणि १०१ वर फोन कोणी करावयाचा, तेंहि आधीं ठरलेलें असावें.

यंत्र आणून बसविलें म्हणजे काम संपलें, असें मात्र नव्हे. आजोबांस आधीं कल्पना देऊन, श्रवणयंत्र काढून ते गाढ झोंपल्यावर, घरांतील कोणी तरी चांचणीची कळ दाबावी. ते आपले आपण उठून दारापर्यंत आले, तर यंत्र खरें. न उठले, तर तबकडीची जागा बदलावी किंवा यंत्रच बदलावें. सून किंवा नात हांकेच्या अंतरावर निजली आहे, या एका भरंवशावर वडील माणसांच्या रात्री जाऊं नयेत. स्वतःच्या घरीं निर्धास्त निजतां येणें हा त्यांचाहि अधिकार आहे.