डोळा गेला, तर मेंदू पाहील काय?

‘मेंदूत तारा बसवून आंधळ्याला दिसू लागले’ असे कानावर आले, की ज्यांच्या घरात अंध माणूस आहे ते आम्हाला विचारतात, ‘फादर, आमच्या माणसाला याचा उपयोग होईल का?’ म्हणून ही गोष्ट नीट समजून घेऊ.

विहिरीचे पाणी पाटाने मळ्यात जाते. तसेच डोळ्याने टिपलेले दृश्य दृष्टीच्या शिरेतून मेंदूच्या मागच्या भागात पोहोचते. तेथे पोहोचल्यावरच आपल्याला दिसते. पाट फुटला, तर विहीर भरलेली असूनही मळा कोरडाच राहतो. मग पाट सोडून थेट मळ्यातच पाणी देता येईल काय? शास्त्रज्ञांचा प्रयत्न हाच आहे.

इंग्लंडमध्ये ब्रिंडली व लेविन यांनी एका ५२ वर्षांच्या अंध बाईच्या मेंदूवर ८० विद्युत्-टोके बसवली. त्यांचा अहवाल १९६८ साली प्रसिद्ध झाला. वीज सोडली की बाईंना चांदणीएवढे पांढरे ठिपके दिसत. बाईंनी डोळे फिरवले, की ठिपकेही फिरत. पुढे स्पेनमध्ये, १६ वर्षे अंध असलेल्या एका ५७ वर्षांच्या बाईच्या मेंदूत ९६ बारीक सुया बसवल्या गेल्या. त्यांचा चौकोन अवघा चार मिलिमीटरांचा होता. त्यांना काही अक्षरे ओळखता आली. हा अहवाल २०२१ सालचा. सहा महिन्यांनी त्या सुया काढून घेतल्या.

हे थोर काम आहे. पण ठिपके दिसणे म्हणजे नातवाचे तोंड दिसणे नव्हे. त्यासाठी कवटी उघडावी लागते, आणि हे सारे अजून प्रयोगच आहेत. शिवाय, जन्मापासून अंध असलेल्याच्या मेंदूला पाहण्याची सवयच लागलेली नसते. तेव्हा या आशेवर कोणी जमीन गहाण ठेवू नये.

आपल्या हातातले मात्र करावे. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. शिरा शाबूत असतात. साध्या ऑपरेशनने बहुधा दृष्टी परत येते. ‘म्हातारपणी असे व्हायचेच’ म्हणून आजीला खाटेवर बसवून ठेवणे बरे नव्हे. काचबिंदू याहून वाईट. त्यात दृष्टीची शीरच वाळत जाते, बहुधा दुखत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. वेळेवर औषध घेतले, तर उरलेली नजर राखता येते. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब व शीर तपासून घ्यावी. घरात कोणाला काचबिंदू असेल, तर भावाबहिणींनी आणि मुलांनी तर अवश्य.

पाट फुटल्यावर नवा खणणे कठीण; फुटण्याआधी बांध घालणे सोपे.