विश्लेषण : एचआयव्ही चाचणी ‘निगेटिव्ह’, तरीही भीती का जात नाही?

तीन वेळा रक्त तपासले, तिन्ही अहवाल ‘निगेटिव्ह’ आले. तरीही रात्री झोप लागत नाही, आरशासमोर उभे राहून जीभ पाहिली जाते, मानेतल्या गाठी चाचपल्या जातात. मग चौथ्यांदा चाचणी होते, तीही वेगळ्या लॅबमध्ये. एचआयव्हीची लागण नसतानाही तिच्या भीतीने आयुष्य व्यापून टाकावे, हा प्रकार समुपदेशकांना नवा नाही. ही भीती कुठून येते आणि तिच्यावर उपाय काय?

‘निगेटिव्ह’ अहवालावर विश्वास कधी ठेवावा?

विषाणूने शरीरात प्रवेश केल्यानंतर तो चाचणीत दिसण्यास काही काळ जातो. याला ‘विंडो पीरियड’ म्हणतात. विषाणूची जनुकीय सामग्री शोधणारी ‘नॅट’ चाचणी साधारण १० ते ३३ दिवसांत लागण ओळखू शकते. शिरेतून घेतलेल्या रक्तावर प्रयोगशाळेत होणाऱ्या चौथ्या पिढीच्या चाचणीला १८ ते ४५ दिवस, तर केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीला २३ ते ९० दिवस लागतात. संशयित प्रसंगाला ३ महिने पूर्ण झाले, त्यानंतरची चाचणी निगेटिव्ह आली आणि मधल्या काळात नवा धोका पत्करलेला नसेल, तर तो अहवाल अंतिम मानला जातो. प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत सुरू करायची २८ दिवसांची प्रतिबंधक औषधे घेतली असतील, तर चाचणीच्या तारखा डॉक्टर ठरवतात.

सरकारी केंद्रात एकच चाचणी पुरेशी असते का?

हा प्रश्न अनेकांना छळतो. शासकीय पद्धतीत पहिली चाचणी अशी निवडलेली असते की लागण झालेली व्यक्ती तिच्यातून सहसा सुटू नये. त्यामुळे पहिली चाचणी निगेटिव्ह आली की अहवाल निगेटिव्ह दिला जातो. ‘पॉझिटिव्ह’ सांगण्यासाठी मात्र तीन वेगवेगळ्या किटवर खात्री करावी लागते. म्हणजे एकाच चाचणीवर निगेटिव्ह सांगितले, याचा अर्थ तपासणी अर्धवट राहिली असा होत नाही.

मग लक्षणे का दिसतात?

नवीन लागणीत २ ते ४ आठवड्यांनी ताप, घसादुखी, पुरळ, गाठी सुजणे अशी लक्षणे दिसू शकतात. पण हीच लक्षणे साध्या विषाणूजन्य तापातही असतात. पावसाळ्यात नाशिकमध्ये डेंग्यू, चिकुनगुन्याच्या साथीतही अंगावर पुरळ येते. शिवाय सततच्या ताणामुळे जुलाब होतात, घाम येतो, तोंड कोरडे पडते, भूक मंदावते आणि वजन उतरते. मानेतली गाठ दिवसातून वीस वेळा दाबली, तर ती दुखणारच. भीतीतून लक्षण आणि लक्षणातून पुन्हा भीती, असा फेरा सुरू होतो. लक्षणांवरून एचआयव्हीचे निदान होत नाही. ते केवळ चाचणीने होते.

पुन्हा चाचणी केली तर मन शांत होत नाही का?

होते, पण थोडाच वेळ. समजा, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका तरुणाने अहवाल हाती घेतला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी वाटले, ‘नमुना बदलला असेल तर?’ त्याने पुन्हा चाचणी केली, पुन्हा दोन दिवस बरे गेले. चाचणी केल्यावर सुटका होते, हे मेंदू शिकतो आणि पुढच्या शंकेला आणखी एक चाचणी मागतो. मोबाइलवर लक्षणे शोधणे, मित्राला ‘काही होणार नाही ना?’ असे विचारत राहणे, हेही त्याच सवयीचे भाग. विंडो पीरियड संपल्यानंतरची प्रत्येक जादा चाचणी नवी माहिती देत नाही, शंकेला मात्र खतपाणी घालते.

भीती विषाणूची की लोकलाजेची?

अनेकदा दुसऱ्याचीच. एखाद्या प्रसंगाबद्दलची अपराधी भावना, ‘बायकोला कळले तर’, ‘लग्न ठरले आहे’, ‘गावात तोंड कसे दाखवू’ हे विचार आजाराच्या नावाखाली वर येतात. अपराधीपणाला रक्तचाचणीचे उत्तर मिळत नाही, म्हणून अहवालाने समाधान होत नाही. एचआयव्ही म्हणजे मृत्यू, ही जुनी प्रतिमाही मनात घट्ट आहे. प्रत्यक्षात देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांवर एआरटी औषधे मोफत मिळू लागली. नियमित उपचाराने रक्तातील विषाणूचे प्रमाण तपासणीत न सापडण्याइतके कमी ठेवणाऱ्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही.

हा मानसिक आजार आहे का?

काही दिवस काळजी वाटणे स्वाभाविक आहे. मात्र गंभीर आजाराची धास्ती ६ महिने किंवा अधिक काळ टिकून रोजच्या जगण्यावर परिणाम करत असेल, तर ‘इलनेस अँक्झायटी डिसऑर्डर’चा विचार होतो. २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात हे नाव आले. त्यासाठी सहा महिने थांबायचे मात्र कारण नाही. झोप, काम किंवा नाती बिघडू लागली की मदत घ्यावी. विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणारी ‘सीबीटी’ ही उपचारपद्धती यावर उपयुक्त ठरते. गरज असल्यास मानसोपचारतज्ज्ञ औषधेही देतात.

घरी काय करता येईल?

शेवटच्या चाचणीची तारीख डॉक्टरांसोबत एकदाच ठरवावी आणि तो अहवाल आल्यावर विषय तिथेच थांबवावा. गाठी, जीभ, त्वचा तपासण्याची इच्छा झाली तर अर्धा तास पुढे ढकलावी. ती लाट बहुधा ओसरते. लक्षणे इंटरनेटवर शोधणे बंद करावे. घरच्यांनी दर वेळी ‘काही नाही रे’ म्हणण्याऐवजी ‘ही भीती बोलते आहे’ याची आठवण द्यावी आणि डॉक्टरांकडे सोबत जावे. आठवडाभर हे जड जाईल, कारण सवय मोडताना अस्वस्थता आधी वाढते आणि मग उतरते.

नाशिकमध्ये मदत कुठे?

त्र्यंबक रोडवरील जिल्हा शासकीय रुग्णालयात एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र आहे. अशा केंद्रांत चाचणी मोफत होते. चाचणीआधी आणि नंतर समुपदेशकाशी बोलता येते. अहवालाबद्दलची शंका तिथेच विचारावी. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने चाचणीसाठी संमती आणि माहितीची गोपनीयता बंधनकारक केली आहे. एचआयव्हीविषयी शंकांसाठी १०९७, तर मनावरील ताणासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हे निःशुल्क क्रमांक आहेत. जगणे नकोसे वाटू लागले, तर क्षणभरही न थांबता १४४१६ वर फोन करावा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.