आधी रेष, मग सही

सातारा-सांगली एसटीच्या प्रवासात मी जुने दिवाळी अंक घेऊन बसतो. चित्रावरची सही अंगठ्याने झाकायची आणि रेषेवरून चित्रकार ओळखायचा, हा माझा खेळ. एकसारखी, स्वच्छ रेष आणि शब्दांवाचून विनोद असेल, तर ते शि. द. फडणीस (जन्म १९२५). रेष मोकळी आणि माणसाच्या बसण्या-उठण्यातूनच त्याचा स्वभाव कळत असेल, तर वसंत सरवटे (१९२७-२०१६).

शाळेत माझी गणिताची भीती पाठ्यपुस्तकातल्या फडणिसांच्या चित्रांनी घालवली. त्यांचे नाव मात्र मला चाळिशीत कळले! लेखक कोण, हे आपण विचारतो. चित्रकार कोण, हे विचारतच नाही. श्रोतेहो, यंदाच्या अंकातल्या नव्या चित्रकारांनाही असेच भेटा: आधी रेष पाहा, मग सही वाचा.