भावंडांची ताटातूट नको

माझ्या वर्गातील एक आठ वर्षांची मुलगी मधल्या सुट्टीत अर्धा पाव खाई आणि अर्धा रुमालात बांधून ठेवी. विचारले तर म्हणे, ''भावासाठी.'' भाऊ आमच्या शाळेत नव्हता. घर मोडल्यावर दोघांना दोन वेगळ्या निवासांत ठेवले होते. भेट पंधरा दिवसांनी. तोवर पाव टिकणार नाही, हे तिलाही ठाऊक होते.

वाचकहो, आईबापांपासून दूर झालेल्या मुलाचे उरलेले घर म्हणजे त्याचे भावंड. मग त्यांना वेगळे का करतात? कधी वयामुळे, कधी मुलगे व मुली निराळे ठेवल्यामुळे, पुष्कळदा जागेअभावी. थोरली बहीण अशा वेळी आईच झालेली असते. धाकट्याला एकाएकी दूर नेले, तर तिला आपणच चुकलो असे वाटते. तिचा भार हलका करावा, पण हळूहळू.

संयुक्त राष्ट्रसंघाने २००९ साली याविषयी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे. छळाचा धोका किंवा मुलाच्या हिताचे तसेच कारण असेल तरच वेगळे करावे, आणि तरीही संबंध टिकविण्याचा प्रयत्न करावा, असे त्यांत म्हटले आहे. हेर्मान ग्माइनर यांनी १९४९ साली ऑस्ट्रियातील इम्स्ट येथे बालग्राम सुरू केले, तेही याच विचाराने: एक आई, एक घर आणि सख्खी भावंडे एकाच छपराखाली. मॉरिशसमध्येही बो बासें आणि बांबू येथे अशी बालग्रामे उभारली गेली. आपला बालकांविषयीचा २०२० चा कायदा २०२२ पासून अमलात आला. तोही मुलाचे हित आधी पाहतो.

कायदा झाला, तरी घराचे दार आपणच उघडायचे असते. तात्पुरते पालक होणे म्हणजे दत्तक घेणे नव्हे. ज्यांना जमेल त्यांनी एकासाठी नव्हे, दोघांसाठी जागा करावी. ज्यांना जमणार नाही त्यांनी गणेशचतुर्थीला बोलावताना, संस्थेची परवानगी घेऊन, दोन्ही भावंडांना एकाच दिवशी बोलवावे.

आपले पूर्वज या बेटावर उतरले, तेव्हा एका जहाजातील परकी माणसेही एकमेकांना जहाजी भाई म्हणत आणि ते नाते जन्मभर पाळीत. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी सख्ख्या भावंडांची ताटातूट स्वस्थपणे पाहावी काय?